वन्संच्या चपला

माणूस पाण्यात आहे की नाही, हे पाण्याकडे न बघता सांगणारी एकच बाई मी पाहिली. ती म्हणजे आमच्या वन्सं. उभ्या आयुष्यात त्या ह्या कामात एकदाच चुकल्या, आणि चुकल्या त्या नेमक्या सख्ख्या भावाच्या बाबतीत. भाऊ त्यांचा, नवरा माझा. म्हणून ही हकीकत मीच सांगितलेली बरी. त्यांच्यावर सोपवली तर त्या बुटाचा तळ कशाचा होता इथून सुरुवात करतील आणि ऐकणारा मध्येच उठून जाईल.

वन्सं म्हणजे माझी नणंद. ह्यांच्याहून लहान, माझ्याहून थोड्या मोठ्या. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "जोडीने येणारी एकच वस्तू मला सांभाळता येते." ती वस्तू म्हणजे चपला आणि बूट. आमच्या शहरात पोहण्याचा एक जुना सार्वजनिक तलाव आहे. वर छप्पर, आत हिरव्या फरश्या, आणि पाण्यातल्या औषधाचा नाकात चढणारा वास. त्याच्या दाराशी लाकडी खणांची एक भिंत आणि भिंतीपुढे स्टुलावर आमच्या वन्सं. येणाऱ्याने जोडा काढून द्यायचा, वन्संनी तो खणात ठेवून पत्र्याचा बिल्ला द्यायचा. जाताना बिल्ला दाखवला की जोडा परत. बिल्ला नाही तर जोडा नाही. एकदा तलावाचे साहेबच बिल्ला हरवून आले. वन्सं म्हणाल्या, "बूट तुमचे आहेत हे मला माहीत आहे साहेब, पण बिल्ल्याला कुठे माहीत आहे?" साहेब मोजे घालून गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी बिल्ला कोटाच्या अस्तरात सापडला, तेव्हा बूट मिळाले.

लोक त्यांना चप्पलबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि त्याही ओ द्यायच्या.

गर्दी नसली की क्रोशाचं विणकाम चाले. सुई हातात नसली तर अंबाड्यात. ती सुई नुसती विणायची नव्हती. पावसात भिजून आलेल्या पोरांच्या बुटांच्या नाड्या फुगून घट्ट व्हायच्या, दातांनी ओढून ओढून पोरं रडकुंडीला यायची, मग वन्सं अंबाड्यातली सुई काढायच्या, तिचा आकडा गाठीत सरकवायच्या आणि गप्पा मारता मारता गाठ सोडायच्या. म्हणायच्या, "ओली गाठ ओढली की हट्टाला पेटते. तिला आतून जागा करून द्यायची."

आणि त्यांचा एक नियम होता. खणात जोडा, तर माणूस पाण्यात. खण रिकामा, तर माणूस घरी. तलाव बंद करायच्या वेळी एकदा खणात एकच जोडा उरला होता. शिपाई म्हणाला, कोणीतरी अनवाणी गेला असेल, कुलूप लावू द्या. वन्सं दारात पाय रोवून उभ्या राहिल्या. शेवटी शोधलं तर मागच्या अंघोळीच्या खोलीत एक गृहस्थ चक्कर येऊन पडले होते. ते वाचले. पुढे कित्येक वर्षं रस्त्यात दिसले की रस्ता ओलांडून येऊन वन्संशी बोलायचे. तेव्हापासून तो नियम वन्संच्या रक्तात गेला. आमच्या घराच्या दाराशीसुद्धा त्यांनी तसेच खण करून घेतले. माझा मुलगा शाळेतून आला की आधी खण बघायचा. "आत्या घरात नाही, बाबा आहेत," हे तो कोणाचं तोंड न बघता सांगायचा.

एवढी सगळी नोकरी पाण्याच्या काठी झाली, पण वन्सं स्वतः कधी घोट्यापर्यंतसुद्धा उतरल्या नाहीत. पाण्याला भ्यायच्या. नेहमीचे लोक चिडवायचे, "चप्पलबाई, एकदा तरी उतरा की." वन्संचं उत्तर ठरलेलं, "मी उतरले तर माझ्या चपला कोण बघणार?"

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. हे पोस्टमन होते. अर्धं शहर पायांनी मोजलेला माणूस. त्यांचे ते घोट्याच्या वरपर्यंत येणारे काळे बूट, करकचून बांधलेल्या नाड्या, त्यांचा केवढा तोरा. पण गेल्या काही वर्षांत कंबर आणि गुडघा दोन्ही रुसले. चालता यायचं, वाकता यायचं नाही. स्वतःच्या बुटाला हात पोचेना. मग रोज सकाळी खोलीचं दार लावून मी खाली बसायची, बूट चढवायची आणि नाड्यांना दुहेरी गाठ मारायची. दुहेरी एवढ्यासाठी, की बाहेर कुठे सुटली तर हे काय करणार? संध्याकाळी परत दार लावून सोडायची. मला बजावून ठेवलं होतं, "हिला कळता कामा नये." हिला म्हणजे बहिणीला. "हिला कळलं तर उद्या तलावावर बोर्ड लागेल." वन्संना वाटायचं, म्हातारा-म्हातारी दार लावून अजून भांडतात. मी वाटू दिलं.

तर त्या उन्हाळ्यात मुलाने आणि सुनेने टूम काढली, नदीवर जाऊया. शहरापासून गाडीने दोनेक तासांवर एक ठिकाण आहे. डोंगराच्या पायथ्याशी खडकांतून झरे फुटतात आणि ते सगळे मिळून नदीला मिळतात. पाणी इतकं नितळ की तळातले खडे वेगवेगळे दिसतात, आणि थंड इतकं की पाय घातला की आपला राहत नाही. काठाला गवत, झाडाखाली बाकं, एक चहाची टपरी, टायरच्या ट्यूब भाड्याने देणारा माणूस. लग्न झालं त्या वर्षी आम्ही दोघं तिथे गेलो होतो. नदीच्या मधोमध एक मोठा खडक आहे, त्याच्या पलीकडच्या अंगाला सगळ्यात मोठा झरा. तेव्हा ह्यांनी दगडांवरून उड्या मारत जाऊन त्या झऱ्याचं पाणी टोपीत भरून मला आणून दिलं होतं. अर्धं वाटेत गळलं, उरलेल्याला टोपीचा वास. तरी गोड लागलं होतं.

गाडीत मी एवढंच म्हटलं, "त्या झऱ्याचं पाणी परत प्यायला मिळालं तर काय मजा येईल." हे खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, ऐकलं नाही.

फाटकाशी मोठा फलक होता. मुलाने आम्हाला वाचून दाखवला. वरच्या अंगाला बंधारा आहे, दुपारी त्याची दारं उघडतात. पहिला भोंगा झाला की सगळ्यांनी पाण्याबाहेर यायचं. दुसरा भोंगा झाला की पाणी चढायला लागतं, मधले पायदगड बुडतात. जीवरक्षक म्हणून एक चाळिशीतला माणूस होता, उन्हाने रापलेला, गळ्यात शिट्टी. तो प्रत्येक मंडळीपाशी जाऊन तेच परत सांगत होता. वन्सं त्याला म्हणाल्या, "तुमची शिट्टी तुमच्यापाशी असू द्या. आमच्या माणसांची मोजदाद माझ्याकडे." तो हसला. आपल्यासारखंच कोणीतरी भेटलं की माणूस हसतो तसं.

वन्संनी काठाला सतरंजी अंथरली. "पाण्यात जाणाऱ्याने जोडा इथे ठेवायचा. ह्या कडेला, टाचा आत." मुलाने ठेवला, सुनेने ठेवला, नातीने आपल्या गुलाबी चपला ठेवल्या. माझ्या चपला पायातच होत्या, मी डबे उघडत होते. हे टपरीजवळच्या बाकावर जाऊन बसले.

वन्संनी हाक मारली, "दादा, तू येणारेस का पाण्यात?"

"मला चहा पाहिजे. पाणी तुम्हीच घ्या."

"म्हणजे कोरडा," वन्सं म्हणाल्या, आणि तो विषय त्यांच्या डोक्यातून निघाला. त्यांच्या हिशेबात जगात माणसं दोनच प्रकारची, ओली आणि कोरडी.

दुपार बरी गेली. नात ट्यूबमध्ये बसून किंचाळत होती, सून तिला धरून होती, मुलगा उगीच पोहण्याचे प्रकार दाखवत होता. आम्ही ब्रेड, अंडी, केळी खाल्ली. हे खाऊन परत बाकावर गेले. मी झाडाला टेकले आणि जरा डोळा लागला.

भोंग्याने जाग आली.

सगळा काठ एकदम हलला. लोक मुलांना ओढत बाहेर काढत होते, ट्यूबवाला ट्यूबा गोळा करत होता. वन्सं सतरंजीपाशी उभ्या. सून आली, तिने चपला घातल्या. मुलगा आला. नात शेवटी आली, ओठ निळे पडलेले. तिने चपलेत पाय घातले आणि सतरंजी रिकामी झाली.

जीवरक्षक धावत आला. "तुमचे सगळे आले?"

वन्संनी सतरंजीकडे बघितलं. "आले. आमचं पाण्यात कोणी नाही."

"नक्की ना?"

"नक्की म्हणजे? बघा की," असं म्हणून त्यांनी रिकामी सतरंजी उचलून त्याच्या तोंडासमोर झटकली. तो खाली, वळणावरच्या लोकांकडे पळाला.

आणि मी बाकाकडे बघितलं. बाक रिकामं होतं.

आधी काही वाटलं नाही. म्हातारी माणसं दहादा उठतात. मुलगा टपरीवर गेला. चहावाला म्हणाला, "ते बाबा ना? मघाशीच उठले. मला विचारलं, झऱ्याचं पाणी अजून पिण्यासारखं आहे का. मी म्हटलं, आहे की." मुलगा परत येऊन हे सांगायला लागला तोवर वन्सं सुरू झाल्या होत्या.

"मोरीकडे गेला असेल. जा, बघ."

मुलगा गेला. तिथे नव्हते. सुनेने गाडीपाशी बघितलं, नव्हते. नातीला मी घट्ट धरून ठेवलं होतं, ती विचारत होती, "आजोबा लपलेत का?"

मुलगा म्हणाला, "आई, मी जीवरक्षकाला सांगतो. बाबा पाण्यात तर नाहीत?"

"पाण्यात कसा असेल?" वन्सं म्हणाल्या. "बूट कुठेत त्याचे? सतरंजीवर नाहीत, काठावर नाहीत. पायात बूट आहेत म्हणजे माणूस जमिनीवर आहे. तू रस्त्याकडे बघ. त्याला चालायची खोड, निघाला असेल फाटकाकडे."

आणि माझा मुलगा, शिकलासवरलेला, चार माणसं हाताखाली असलेला, खरंच फाटकाकडे पळाला. लहानपणापासून त्याने त्या खणांकडे बघून घर ओळखलेलं. आत्याने सांगितलं म्हणजे झालं. माझंही तसंच झालं. मीसुद्धा रस्त्याकडेच मान लांब करून बघत उभी राहिले. नदी माझ्या पाठीमागे होती.

दुसरा भोंगा झाला.

तो पहिल्यापेक्षा लांबलचक वाजला. थांबल्यावर काठावर एकदम शांत झालं आणि त्या शांततेत वरच्या बाजूने कोणीतरी चादर फरफटत आणावी तसा आवाज यायला लागला.

सून म्हणाली, "आई, बाबांच्या गोळ्या कुठे आहेत? सापडले की लगेच देऊ." मी टोपलीत हात घातला. डबे होते, गोळ्या होत्या, टॉवेल होता. पाण्याची स्टीलची बाटली नव्हती. सकाळी मीच ठेवली होती, त्या कोपऱ्यात. कोपरा रिकामा. मी टोपली उपडी केली. केळ्याची सालं पडली, बाटली पडली नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. टोपीतलं पाणी. झरा. आणि बूट.

"वन्सं," मी म्हटलं, "त्यांना बूट काढता येत नाहीत."

"काय?"

"वाकता येत नाही. रोज मी काढते, मी घालते. दार लावून. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं. त्यांना पाण्यात जायचं असेल तर ते बूट घालूनच जातील, वन्सं. दुसरं करणार काय?"

वन्संच्या हातात अजून ती सतरंजी होती. घडी घालायला घेतलेली. मी त्यांचा चेहरा एवढ्या वर्षांत रागावलेला बघितला, रुसलेला बघितला, तापाने फणफणलेला बघितला. असा रिकामा कधी बघितला नव्हता. त्यांनी सतरंजी टाकली आणि नदीकडे निघाल्या. पळता येत नव्हतं, तरी पळाल्या. सून शिट्टीवाल्याला हाका मारत खाली धावली.

खडकाच्या पलीकडचं काठावरून दिसत नाही, मध्ये लव्हाळ्याची दाटी आहे. आम्ही ती बाजूला करत काठाकाठाने खडकाच्या पुढे गेलो आणि हे दिसले.

मांडीपर्यंत पाण्यात उभे होते. एक हात खडकावर, दुसऱ्या हातात ती बाटली, वर धरलेली. आम्हाला बघून म्हणाले, "बूट अडकलाय." एखादी खिडकी लागत नाही अशा सुरात.

"हाक का नाही मारलीस?" वन्सं ओरडल्या.

"मारली. भोंगा वाजत होता."

"दादा, पाय ओढ."

"मघापासून तेच करतोय. दोन दगडांत बसलाय. घोट्याच्या वर धरलाय बुटाने, सुटत नाही."

पाणी आमच्या डोळ्यांदेखत चढत होतं. खडकावर एक ओली रेघ होती, ती बघता बघता बुडाली. मुलगा फाटकाकडून परत आला आणि कपड्यांसकट आत उतरला. जीवरक्षकही आला, कमरेला दोर, दोराचं टोक झाडाला. दोघांनी ह्यांना काखेत धरून वर ओढलं. ह्यांनी दात आवळले, तोंडातून आवाज आला नाही, पण चेहरा पांढरा झाला. बूट हलला नाही. जीवरक्षक बुडी मारून खाली गेला. वर आला तो बोटं झटकत. "बूट निघणार नाही. नाडी सोडून पायच बाहेर काढायला पाहिजे. पण गाठ दगडासारखी झाली आहे. बोटं बधिर होतात." त्याची सुरी वरच्या खोलीत होती. मुलगा ती आणायला धावला. वर म्हणजे डोंगराच्या अंगाला, पायऱ्या चढून. मी त्याच्याकडे बघितलं आणि पाण्याकडे बघितलं. पाणी ह्यांच्या कमरेला लागलं होतं.

जीवरक्षकाने परत बुडी मारली. परत रिकामा आला.

ह्यांनी मला बघितलं. म्हणाले, "तुझी गाठ आहे. चांगली बसते." कौतुकाने म्हणाले. मला त्या क्षणी स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते कळेना.

आणि मग शेजारी वन्सं खाली बसल्या. मला वाटलं, पाय गेले. पण नाही. त्यांनी आपल्या चपला काढल्या. एक काढली, दुसरी काढली, गवतावर शेजारी शेजारी ठेवल्या, टाचा आत. उठल्या. अंबाड्यातली सुई उपसली आणि दातांत धरली. मग परत काढून मला म्हणाल्या, "वहिनी, चपला बघ."

एवढंच. आणि उतरल्या.

जीवरक्षकाने हात आडवा घातला. "बाई, तुम्हाला पोहता येतं?"

"नाही. तुम्ही मला धरा, मी गाठ धरते."

त्याने आपल्या कमरेचा दोर सोडला. मग दोर त्यांच्या कमरेला बांधला. वन्सं पुढे निघाल्या. पाणी छातीला आलं तेव्हा त्या थांबल्या. डोळे मिटलेले. मला वाटलं, आता परत फिरतील, आणि फिरल्या तर मी एक शब्द बोलणार नाही. ह्यांनी खडकावरचा हात सोडून बहिणीच्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "नको गं. सुरी येतेय."

"गप्प बस, कोरड्या," त्या म्हणाल्या, नाक धरलं आणि खाली गेल्या.

पाण्यावर नुसता त्यांचा पदर दिसत होता. जीवरक्षकाने त्यांना दोन्ही हातांनी धरलं होतं. मी चपलांकडे बघत राहिले. पाण्याकडे बघवत नव्हतं. चपला होत्या म्हणजे माणूस पाण्यात होतं. बाकी त्या चपला काही सांगत नव्हत्या.

त्या वर आल्या, खोकत, डोळ्यांवर केस. "गाठ सापडली. दुहेरी आहे." श्वास घेतला. "कोणी मारली म्हणालीस?"

"मी."

"बरी मारतेस." परत खाली.

ह्या वेळी जास्त वेळ लागला. ह्यांचे ओठ हलत होते, काय म्हणत होते कळलं नाही. पाणी ह्यांच्या बरगड्यांपर्यंत आलं, बाटली हातातून सुटली आणि गिरक्या घेत निघून गेली. जीवरक्षक वन्संना वर ओढायला लागला, तर त्या येईनात, खालीच जोर लावत होत्या. त्याने शिवी दिली आणि एक हात खाली घातला. मग हे एकदम डगमगले, मागे कलले, आणि पाय सुटला हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं. तेवढ्यात मुलगा सुरी घेऊन आला. त्याने सुरी टाकून बापाला मिठी मारली आणि तसंच ओढत काठाला आणलं. मागून जीवरक्षक, आणि त्याच्या हातात, पिळायला काढलेल्या कपड्यासारख्या, आमच्या वन्सं. सुई मुठीत. आकडा वाकलेला.

खडक त्यानंतर थोड्याच वेळात दिसेनासा झाला.

टपरीवाल्याने घोंगड्या दिल्या, चहा दिला. ह्यांच्या घोट्याला सूज होती, बाकी सलामत. एका पायात बूट, एक पाय उघडा. जीवरक्षक समोर उकिडवा बसला होता. त्याला दम लागला होता आणि रागही आला होता. "बाई, तुम्ही मला सांगितलंत, पाण्यात कोणी नाही. मी तुमच्यावर विसंबून खाली गेलो."

"सांगितलं," वन्सं म्हणाल्या. दात वाजत होते. "चुकले."

 बचाव नाही, बुटांवर ढकलणं नाही.  उठताना जीवरक्षकाने त्यांच्या मुठीतली वाकडी सुई बघितली, आणि टपरीवाल्याला म्हणाला, "ह्यांच्या चहात साखर जास्त घाल."

हे बहिणीकडे बघत नव्हते. बहीण ह्यांच्याकडे बघत नव्हती. कप खाली ठेवून वन्सं म्हणाल्या, "वाकता येत नाही हे सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं?"

"सगळ्या तलावाला सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं," वन्सं म्हणाल्या. "पण मोजलंही असतं नीट."

निघायची वेळ झाली. मुलगा गाडी जवळ घेऊन आला. वन्सं उठल्या, गवतावर बघितलं, आणि तिथे चपला नव्हत्या. त्या मी उचलल्या होत्या. कधी उचलल्या ते मलाही माहीत नाही, पण दोन्ही माझ्या छातीशी धरलेल्या होत्या आणि ब्लाउजला चिखल लागला होता.

"दे," त्यांनी हात पुढे केला.

माझी बोटं सुटेनात. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी बोलले, "बिल्ला दाखवा."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मग ओला पदर चाचपला, एक बाजू, दुसरी बाजू, अगदी खरोखरीचा हरवल्यासारखा. म्हणाल्या, "नाही गं. पाण्यात गेला वाटतं." आणि तिथेच गवतावर बसून रडायला लागल्या. हसत होत्या असंही म्हणता येईल. मी खाली बसले, त्यांचे पाय पदराने पुसले आणि चपला चढवल्या. माझ्या हाताला ती सवय होतीच.

आता आमच्या खोलीचं दार सकाळी उघडं असतं. हे खाटेवर, मी खाली, आणि दाराच्या चौकटीत वन्सं चहाचा कप घेऊन उभ्या. मुलाने ह्यांना बिननाडीचे बूट आणून दिलेत, पण ह्यांना ते पटत नाहीत. म्हणून नवे नाडीचेच घेतले. मी गाठ मारते. वन्सं वरून सांगतात, "दुहेरी नको. एकेरी मार, टोक मोठं ठेव." मी म्हणते, सुटेल. त्या म्हणतात, "सुटली तर मी आहे ना." हे दोघींच्या डोक्यांवरून खिडकीबाहेर बघत बसतात, ऐकूच येत नसल्यासारखे.

उरलेला एकटा जुना बूट दाराशी खणात आहे. वन्सं टाकू देत नाहीत. आम्ही कुठे बाहेर निघालो की वन्सं अजूनही आधी खण बघतात. पण आता तेवढ्यावर थांबत नाहीत. गाडीत बसलं की एकेकाच्या खांद्याला हात लावून जातात, माझ्यासकट. मुलगा म्हणतो, "आत्या, समोर तर बसलोय." त्या म्हणतात, "दिसतंय मला," आणि हात लावतातच.